‘फोन हरवला’ असं सांगणारा माणूस नेमका कोण?

‘वाचकांचे प्रश्न’ या सदरात या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवली आहेत. ऑफिसच्या लॉगिनची पडताळणी बदलते आहे, एसएमएसवरचा ओटीपी जाऊन दुसरं काही येतं आहे, आणि त्याबद्दल इतकी पत्रं आली आहेत की बाकी विषयांना जागा उरली नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल पेमेंटच्या पडताळणीचे नवे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली, तेव्हापासून ही चर्चा वाढलेली दिसते. ते निर्देश पेमेंटपुरते आहेत, तुमच्या ऑफिसच्या ईमेलला लागू नाहीत. त्यांनी एसएमएस ओटीपीवर बंदीही घातलेली नाही. तरी विषय निघाला ते बरंच झालं. नागपुरातल्या एका मोठ्या संस्थेच्या सिस्टीम विभागात मी सगळी नोकरी केली. हा बदल मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिला आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या संस्थेत साधारण नऊ हजार माणसं आहेत. मुख्य कार्यालय नागपुरात, बाकी चंद्रपूर, यवतमाळपासून छिंदवाड्यापर्यंत पसरलेली. लॉगिनला पासवर्ड आणि एसएमएसवर ओटीपी अशी सोय आहे. आता ऑडिटवाल्यांनी शेरा मारला की एसएमएस बंद करा. वरिष्ठ म्हणतात, सगळ्यांना ॲप द्या आणि मार्चअखेर काम संपवा. युनियन म्हणते, स्वतःच्या फोनमध्ये ऑफिसचं ॲप टाकणार नाही. सुरुवात कुठून करू? (सिस्टीम अधिकारी, सिव्हिल लाइन्स)

उत्तर : ऑडिटवाल्यांचा शेरा बरोबर आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ सालीच एसएमएसवरच्या कोडला ‘मर्यादित वापराचा’ असा शिक्का मारला. खोट्या कागदपत्रांवर तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं की तुमचे ओटीपी चोराच्या हातातल्या फोनवर येतात. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने १ जुलै २०२४ पासून नियम केला की सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही, तो याच चोरीला आळा घालायला.

पण वरिष्ठांना एक गोष्ट आधी समजावून सांगा. एसएमएस जाऊन ॲप आलं म्हणजे सगळं सुटलं असं होत नाही. ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे असतात. ते हवेतून येत नाहीत, त्यामुळे सिमच्या चोरीचा धोका संपतो, हे खरं. मात्र ते आकडे माणसाला दिसतात, आणि जे दिसतं ते कुणीतरी विचारू शकतं. हुबेहूब तुमच्या लॉगिनसारखं खोटं पान उघडलं, माणसाने त्यावर पासवर्ड आणि सहा आकडे टाकले, की पलीकडचा भामटा त्याच तीस सेकंदांत ते खऱ्या पानावर टाकून मोकळा होतो. हे काम आता तयार सॉफ्टवेअर करतं, माणूस बसवावा लागत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये उघड झालेलं उदाहरण बैठकीत सांगा. ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन अमेरिकी कंपन्यांच्या लोकांना जवळपास एकाच पद्धतीचे एसएमएस गेले आणि त्यांतल्या लिंकवर खोटं लॉगिन पान होतं. ट्विलिओत चोर आत शिरले आणि ग्राहकांच्या माहितीपर्यंत पोचले. क्लाउडफ्लेअरमध्ये एका मिनिटाच्या आत किमान ७६ जणांना संदेश गेले आणि तिघांनी त्या पानावर खरा पासवर्ड टाकलाही. तरी चोर बाहेरच राहिले, कारण तिथे प्रत्येकाला यूएसबीत लावायची सिक्युरिटी की दिलेली होती. दोन्हीकडे माणसं फसली, हे लक्षात घ्या. हुशार, शिकलेली, संगणकावरच पोट भरणारी माणसं. म्हणून ‘आमचा स्टाफ सावध आहे’ या भरवशावर कुणी योजना आखत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

ही की पेन ड्राइव्हसारखी दिसते. मी तिला किल्लीच म्हणते. तिच्या आत एक गुपित असतं आणि ते कधीच बाहेर येत नाही. सर्व्हरकडे त्याचा फक्त जोडीदार असतो, ज्याने किल्लीने दिलेलं उत्तर तपासता येतं, तयार करता येत नाही. मार्च २०११ मध्ये आरएसए कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा तिच्या टोकनांशी, म्हणजे लॉगिनचे आकडे दाखवणाऱ्या छोट्या यंत्रांशी, संबंधित माहिती चोरीला गेली आणि पुढे ती टोकनं बदलून देण्याची वेळ आली. तसला घोळ इथे होत नाही, कारण कंपनीच्या कपाटात चोरण्यासारखं गुपितच नसतं. याहून मोठी गोष्ट अशी की ब्राउझर किल्लीला वेबसाइटचा खरा पत्ता सांगतो. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी किल्ली उत्तर देत नाही. माणसाला फरक दिसला नाही तरी चालतं. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि पुढच्या वर्षी कंपनीने सांगितलं की त्यानंतर कामाच्या एकाही खात्यावर अशा फसवणुकीतून ताबा गेल्याचं आढळलं नाही.

आता युनियन. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. फोन त्यांच्या पैशाचा, रिचार्ज त्यांच्या पैशाचा, काच फुटली तर दुरुस्ती त्यांची, आणि लॉगिन झालं नाही म्हणून हजेरी बुडाली तर तेही त्यांच्याच माथी. आमच्याकडे नोंदणीचं शिबिर लावलं होतं, व्हरांड्यात कूलर लावून, भर उन्हाळ्यात. रांगेत उभे असलेले किती ड्रायव्हर, शिपाई, मस्टरवरची माणसं मुलाचा फोन घेऊन आली होती! संध्याकाळी तो फोन मुलाबरोबर पुण्याला जाणार होता. अशा माणसाच्या फोनमध्ये ॲप टाकून आपण कुणाची पडताळणी करतो आहोत? म्हणून परिपत्रकात पर्याय ठेवा : ज्याला आपल्या फोनमध्ये पासकी चालते त्याने ती घ्यावी, ज्याला नको त्याला संस्थेने किल्ली द्यावी, कारण न विचारता. पासकी म्हणजे त्याच तंत्राची फोनमध्ये राहणारी किल्ली. किल्लीला काही हजार रुपये पडतात आणि माणशी दोन लागतात, एक वापरायला आणि एक घरी कपाटात. खरेदी विभाग दुसरीवर काट मारेल. मारू देऊ नका. दुसरी नसली की पहिली हरवल्यावर सगळा भार हेल्पडेस्कवर येतो, आणि तिथे काय होतं ते शेवटच्या पत्रात आहे.

सगळ्यांना एकदम देऊ नका. आधी तुम्ही स्वतः आणि तुमचे बाकीचे ॲडमिन, कारण तुमचं खातं गेलं तर सगळंच गेलं. मग बाहेरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, येणारे. मग पगार आणि देयकं काढणारे. उरलेल्यांचा क्रम शाखेशाखेने लावा. मार्चअखेरची मुदत मात्र बदलून घ्या. मार्चमध्ये लेखा शाखेच्या माणसाला लॉगिनसाठी अडवलंत तर तो वर्षभर तुमचं तोंड पाहणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. डिसेंबरही टाळा. हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपुरातल्या ज्या कार्यालयांना प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात तिथे कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. पोळा झाल्यावर सुरू करून दिवाळीपर्यंत पहिले तीन गट संपवा.

बदल करताना एसएमएस ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून मागे ठेवण्याचा मोह होईल. लॉगिनच्या पानावर ‘दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करा’ असं एक ओळखीचं बटण असतं. तुमच्या माणसाला ते क्वचित लागतं, चोर मात्र सगळ्यात आधी तेच दाबतो. पुढच्या दाराला नवं कुलूप लावून मागची कडी उघडी ठेवल्यासारखं होईल. ज्या गटाला किल्ल्या मिळाल्या त्या गटाचा एसएमएस ठरलेल्या तारखेला बंद, अशी तारीख परिपत्रकातच छापा. जुन्या पद्धतीने मेल ओढणारी सॉफ्टवेअरही शोधून काढा. ती फक्त पासवर्डवर चालतात, दुसरा घटक (पासवर्डनंतरचा ओटीपी, ॲप किंवा किल्ली) विचारतच नाहीत. मायक्रोसॉफ्टने आपल्या मेल सेवेत ही जुनी पद्धत ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली ती त्यासाठीच. तुमच्याकडे एखाद्या कोपऱ्यातलं स्कॅनर-झेरॉक्स मशीन असं मेल पाठवत असेल, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आणि आस्थापना शाखेतून निवृत्त, बदली झालेल्या आणि मृत कर्मचाऱ्यांची यादी आजच मागवा. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने आणि एफबीआयने मिळून एक इशारा काढला होता. एका स्वयंसेवी संस्थेतलं वापरात नसलेलं खातं तसंच पडून होतं. रशियन हल्लेखोरांनी त्याचा दुबळा पासवर्ड ओळखला, आणि खातं बरेच दिवस झोपलेलं असल्याने यंत्रणेने त्यांना नवा फोन नोंदवायची मुभा दिली. त्यांनी स्वतःचा फोन नोंदवला. म्हणजे दुसरा घटक होता, पण तो चोराचा होता! नऊ हजार माणसांच्या संस्थेत अशी झोपलेली खाती नसतील यावर माझा विश्वास नाही. नोंदणी सुरू करण्याआधी ती बंद करा. नोंदणी उघडी ठेवून ‘पासवर्ड टाका आणि किल्ली जोडा’ एवढंच सांगू नका. पहिली किल्ली ओळखपत्र पाहून, समोरासमोर जोडून द्या.

सर्व्हर बंद पडला किंवा तुमचीच किल्ली चालेना तर आत जायला दोन आणीबाणीची खाती लागतात. त्यांच्या किल्ल्या तिजोरीत, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात, आणि त्या खात्याने कुणीही लॉगिन केलं की चार जणांना ताबडतोब मेल जाईल अशी व्यवस्था ठेवा.

प्रश्न : मी एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. अतिदक्षता विभागात आम्हाला फोन आत नेता येत नाही. एका शिफ्टला तीन संगणक आणि आम्ही दहा जणी. सकाळी एक सिस्टर लॉगिन करते, तेच दिवसभर चालतं. आता म्हणतात दर वेळी ओटीपी टाका. रुग्णाचं सोडून आम्ही लॉकरपर्यंत पळायचं का? (मेडिकल चौक)

उत्तर : पळायचं नाही. सिस्टर, तुम्ही काही चुकीचं करत नाही. जी व्यवस्था रुग्णाच्या आड येते तिला वळसा घातला जाणारच, आणि तो घालणाऱ्या बाईला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

तरीही एकाच नावावर दिवसभर नोंदी होणं तुमच्याच अंगाशी येऊ शकतं. उद्या एखाद्या डोसबद्दल चौकशी झाली तर कागदावर नाव त्या सकाळच्या सिस्टरचं निघेल. आणि रुग्णालयांवरचे हल्ले खरे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत दवाखान्यांच्या बिलांचं काम पाहणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीवर हल्ला झाला आणि औषध दुकानांची, दवाखान्यांची बिलं कित्येक आठवडे अडकली. मूळ कंपनीच्या प्रमुखांनी तिथल्या सिनेटपुढे सांगितलं की चोर ज्या पोर्टलमधून शिरले त्यावर दुसरा घटक लावलेलाच नव्हता.

तुमच्यासाठी मार्ग आहे : गळ्यातल्या ओळखपत्राचंच कार्ड, ज्याच्यात चिप असते. शिफ्ट सुरू होताना एकदा कार्ड ठेवून पिन टाकायची, मग शिफ्टभर कोणत्याही संगणकाजवळ कार्ड टेकवलं की तुमचं पान उघडतं, आणि पुढची सिस्टर टेकवते तेव्हा तुमचं बंद होतं. बोटाच्या ठशाची यंत्रं नको म्हणा. हातमोज्यांतून ठसा वाचता येत नाही, आणि सॅनिटायझरने सोललेल्या बोटांचा ठसाही पुष्कळदा लागत नाही. मेट्रनकडून एक मागणी लेखी करा : निर्णय घेणाऱ्या आयटी अधिकाऱ्याने शिफ्ट बदलायच्या वेळी तासभर वॉर्डात उभं राहावं. मी हे करणारे अधिकारी पाहिले आहेत. वॉर्डातून परत आल्यावर त्यांची योजना बदललेली असते.

प्रश्न : ताई, मी लेखा शाखेत हाओ, निवृत्तीले दोन वर्सं रायले. आता आमच्या इथं म्हनून रायले का फोनवर अंगठा लावा, पासवर्ड लागनार नाही. माह्या अंगठा दिल्लीले जाईन का? अन् फोन हरपला तं अंगठा बी गेला काय? (उमरेड रोड)

उत्तर : काका, तुमची शंका अगदी रास्त आहे. तुम्हाला दोन वेगळी यंत्रं एकसारखी वाटताहेत, आणि तशी वाटावीत असंच सगळं घडत आलं आहे.

सरकारी कार्यालयांत आधारशी जोडलेली हजेरी असते. तिथे तुम्ही अंगठा ठेवता तेव्हा तो आधारच्या नोंदीशी ताडून पाहायला बाहेर पाठवला जातो. फोनमध्ये तसं नसतं. फोनमध्ये अंगठ्याची नोंद त्याच्या एका बंद कप्प्यात राहते. तुम्ही अंगठा लावला की फोन स्वतःशीच ताडतो आणि आतली किल्ली उघडतो. ऑफिसकडे जातं ते किल्लीचं उत्तर. अंगठा दिल्लीला जात नाही, तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरलाही जात नाही. फोन हरवला तर चोराला तुमच्या अंगठ्याशिवाय किंवा फोनच्या पिनशिवाय ती किल्ली उघडता येणार नाही. म्हणून फोनची पिन जन्मसाल ठेवू नका आणि नातवाला सांगू नका, नातू कितीही लाडका असला तरी.

अंगठा नकोच वाटत असेल तर लावू नका. त्याच जागी पिन चालते. तेही नको असेल तर ऑफिसकडून किल्ली मागा. तिच्यावर पिन बसवता येते. आठ वेळा चुकीची पिन पडली की ती कुलूपबंद होते, मग पुन्हा नव्याने नोंदवावी लागते. इतकी वर्षं हिशेब चोख ठेवलेल्या माणसाला पिन लक्षात ठेवणं कठीण जाणार नाही.

फोन हरवला तर त्याच दिवशी, रात्री असो की रविवार, ऑफिसला कळवा. लाजू नका. उशिरा कळवण्याने नुकसान होतं, फोन हरवण्याने फारसं होत नाही.

प्रश्न : ॲपमधला कोड मी बरोबर टाकतो, तरी ‘चुकीचा कोड’ येतो. रेंज चांगली आहे. (बुटीबोरी)

उत्तर : रेंजचा संबंध नाही, हे ॲप विमानातही चालतं. तुमच्या फोनचं घड्याळ मागे-पुढे झालं आहे. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा. कोड वेळेवरून बनतो, मिनिटभराचा फरकही त्याला पुष्कळदा चालत नाही.

प्रश्न : रात्री दोन वाजता फोनवर सारखं ‘तुम्ही लॉगिन करत आहात का?’ असं येत होतं. झोपमोड नको म्हणून नवऱ्याने शेवटी ‘हो’ दाबलं. काही बिघडलं का? (प्रतापनगर)

उत्तर : हो, बिघडलं असण्याची शक्यता मोठी आहे. हे वाचताय तोवर कळवलं नसेल तर आत्ता कळवा. पासवर्ड बदला आणि ‘सगळीकडून लॉग आउट करा’ हेही करून घ्या, कारण नुसता पासवर्ड बदलल्याने आत बसलेला माणूस नेहमी बाहेर पडतोच असं नाही.

तुमचा पासवर्ड कुणाकडे तरी आहे, म्हणूनच ती विचारणा येत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशाच विचारणा पुन्हा पुन्हा पाठवल्या गेल्या आणि त्याने एक मान्य केली. तेवढ्यावर हल्लेखोर आत गेला. तुमच्या आयटीवाल्यांना सांगा की ‘हो-नाही’चं बटण काढून आकडा जुळवण्याची पद्धत लावा : लॉगिनच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो फोनमध्ये टाकावा लागतो. झोपेतल्या माणसासमोर तो पडदाच नसतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या ॲपमध्ये हे मे २०२३ पासून सक्तीचं केलं आहे.

प्रश्न : ताई, मी एका मोठ्या कंपनीच्या हेल्पडेस्कवर कंत्राटी आहे, रात्रपाळी. मागच्या महिन्यात फोन आला : ‘मी अमुक साहेब बोलतोय, दिल्ली एअरपोर्टवर आहे, माझा फोन हरवला, सकाळी नऊला बोर्डापुढे प्रेझेंटेशन आहे, माझं रिसेट करून नव्या नंबरवर पाठव.’ त्यांना कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख, बॉसचं नाव, सगळं माहीत होतं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी कळलं की खरंच साहेबच होते. मला बोलणी बसली, कंत्राटदार म्हणतो पुढच्या वेळी ‘ॲडजस्ट’ कर. माझं चुकलं का? (आयटी पार्क, परसोडी)

उत्तर : नाही, तुमचं चुकलं नाही. हे मी ठळक अक्षरांत छापायला सांगितलं असतं. तुमच्या कंपनीने कोट्यवधी रुपये खर्चून जी पडताळणी उभारली, तिचं शेवटचं टोक त्या रात्री तुमच्या खुर्चीवर होतं.

आलेल्या सगळ्या पत्रांतलं हे पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. किल्ल्या आल्या, पासकी आली की चोराला तंत्राशी झुंजून उपयोग नसतो, हे त्याला आपल्याआधी कळतं. मग तो हेल्पडेस्कला फोन करून म्हणतो, ‘माझा फोन हरवला.’ ऑगस्ट २०२३ मध्ये क्लोरॉक्स या अमेरिकी कंपनीवर मोठा सायबर हल्ला झाला. २०२५ मध्ये कंपनीने हेल्पडेस्क सांभाळणाऱ्या कंत्राटदारावर ३८ कोटी डॉलरचा दावा लावला. दाव्यातला आरोप असा की फोन करणाऱ्याची ओळख न तपासताच त्याला पासवर्ड आणि दुसरा घटक रिसेट करून देण्यात आला. न्यायालयात काय ठरेल ते ठरो. पण विचार करा, तिथल्या खुर्चीवर बसलेला माणूसही तुमच्यासारखाच रात्रपाळीचा, कंत्राटी, रेटिंगच्या भीतीने ‘साहेबांना नाराज करू नको’ हे शिकवलेला असणार.

कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख, बॉसचं नाव, ही ओळख नव्हे. पहिल्या दोन गोष्टी पगारपत्रकाच्या एका फोटोत असतात, तिसरी कंपनीच्या वेबसाइटवर. आवाजही ओळख नव्हे, आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरून नक्कल करता येते. मग तुम्ही काय विचारायला हवं होतं? तुम्ही काहीच विचारायचं नाही, हेच योग्य उत्तर आहे. ठरलेली रीत असावी आणि तिने काम करावं.

माझ्या अनुभवातून सुचणारी रीत अशी. फोन आला की तुम्ही तो ठेवायचा आणि आस्थापना शाखेच्या नोंदीत असलेल्या नंबरवर उलट फोन करायचा, बोलणाऱ्याने दिलेल्या नंबरवर कधीही नाही. तोच नंबर हरवला असेल तर त्या माणसाच्या थेट वरिष्ठाला नोंदीतल्या नंबरवर उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी. वरिष्ठाने स्वतः त्या माणसाशी व्हिडिओवर बोलून, चेहरा पाहून, आपल्या लॉगिनने मंजुरी द्यायची. मग नवा पासवर्ड नाही, नवा नंबर जोडणं तर मुळीच नाही. एकदाच चालणारा आणि तासाभरात मरणारा तात्पुरता प्रवेश द्यायचा, आणि त्याची सूचना त्या माणसाच्या सगळ्या जुन्या पत्त्यांवर जायची. नवी किल्ली मात्र समोर आल्यावरच. जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे सिस्टीम विभागाचं कुणी नसतं, तिथे दोन जुन्या माणसांना हे अधिकार द्या. गडचिरोलीच्या कार्यालयातला वीस वर्षं जुना अधीक्षक आपल्या माणसांना चेहऱ्याने ओळखतो. कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा मी त्याच्यावर जास्त विसंबेन.

या रीतीसाठी एक पूर्वतयारी लागते, आणि तीच सगळीकडे कच्ची असते : नोंदीतले नंबर. आमच्या शिबिरात दिसलं की रेकॉर्डवरचे कितीतरी नंबर मेहुण्याचे, जुन्या कंपनीचे, बंद पडलेले होते. पडताळणी कितीही आधुनिक असो, परत आत घेण्याचा रस्ता जर या नंबरांवर उभा असेल तर सगळं त्या मेहुण्याच्या भरवशावर चाललं आहे.

आता तुमचा प्रश्न. साहेब खरेच होते, त्यांची अडचणही खरी होती, आणि त्यांना त्या रात्री त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. त्यावर उपाय मात्र तुम्ही वाकणं हा नाही. साहेबांच्या बॅगेत दुसरी किल्ली असायला हवी होती. वरची रीत असती तर त्यांचं काम वीस मिनिटांत झालं असतं आणि तुम्हाला नाही म्हणावंच लागलं नसतं. कंपनीत जो माणूस सगळ्यात मोठा आहे त्याच्या सहीने परिपत्रक निघालं पाहिजे की हेल्पडेस्कने रीत सोडून कुणालाही, सही करणाऱ्यालाही, प्रवेश देऊ नये, आणि रीत पाळल्याबद्दल कुणावरही कारवाई होणार नाही. कंत्राटदाराच्या करारातही हे कलम घालायला लावा, नाहीतर परिपत्रक कंपनीचं आणि तुमची नोकरी त्याच्या हातात, असं होईल. हे पान कापून तुमच्या माहिती सुरक्षा अधिकाऱ्याला द्या. कोणत्याही मोठ्या संस्थेला सायबर हल्ल्याची खबर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत द्यावी लागते, हा एप्रिल २०२२ चा आदेश त्यांना ठाऊक आहेच. असा फोन यशस्वी झाला असता तर ते सहा तास कुणाचे गेले असते हेही त्यांना समजेल.

परिपत्रक निघेपर्यंत एक काम करा. नकार दिलेल्या प्रत्येक फोनची वेळ, नंबर आणि काय मागितलं ते रजिस्टरमध्ये लिहा, आणि दर सोमवारी त्याची प्रत सुरक्षा अधिकारी आणि कंत्राटदार दोघांनाही मेल करा. ‘ॲडजस्ट कर’ हे कुणी तोंडी सांगितलं तर ‘कृपया मेलवर कळवा’ एवढंच उत्तर द्या.